खाली घे

वलवण, लोणावळे
सोमवार, ९ जानेवारी १९६७

ती. ताईस,

एरवी तुझं पोस्टकार्ड येतं. ‘दोन मुली हव्यात, एक अंगापिंडाने धिप्पाड असावी, महिन्यात तयार कर.’ आज पाकीट आलं, तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं.

मी नीट समजले की नाही, ते आधी लिहिते. दिवाळीनंतर आपण तुझ्या मुंबईच्या केंद्रामार्फत सोराबशेठच्या घरी त्यांच्या आईच्या सेवेला जी गंगी पाठवली, तिने गुरुवारी दुपारी घरात कुणी नसताना माईसाहेबांना पलंगावरून जमिनीवर टाकलं. त्यांच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढल्या. सूनबाई बाहेरून आल्या तर माईसाहेब उघड्या फरशीवर, केस सुटलेले, ठसका लागून काळ्यानिळ्या पडलेल्या. सूनबाई ओरडल्या, तशी गंगी जिन्याने पळाली, ती बांगड्यांसकट. आता माईसाहेबांना ताप आहे, छाती भरलीय, आणि त्या जगतील असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. बरोबर ना?

वाचून मी देवापुढे माईसाहेबांसाठी दिवा लावला. मी खोटं सांगत नाही.

गंगी कशी मुलगी आहे, असं तू विचारलंस. कार्ल्याच्या वरच्या ठाकरवाडीतली, बायडाबाईची थोरली. वाडीतून मी आणलेल्या मुलींपैकी पहिल्या दिवशी न रडलेली ती एकटीच. शिकवताना आपल्याकडे रोगी म्हणून आबाच असतात, हे तुला माहीत आहे. माडीवरच्या त्यांच्या खाटेभोवती मुली उभ्या राहतात आणि आबा पडल्यापडल्या हुकूम सोडतात. गंगीने पहिल्यांदा त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा ओरडले, “अगं, वळव म्हटलं, लोहगडावरून कडेलोट कर नाही म्हटलं!” मुली हसल्या. गंगी हसली नाही. तिने त्यांना पुन्हा उताणं केलं आणि पुन्हा वळवलं, असं की त्यांचा लुळा हात अंगाखाली आला नाही. आबा म्हणाले, “ही जाईल मुंबईला.” दवाखान्यात जन्मभर कंपाउंडरकी केलेला माणूस तो. औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून मला वाचायला शिकवणारा. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, एवढंच मी म्हणते.

सहीसाठी पाठवलेला कागद मिळाला. ‘रोग्यास मालकांच्या परवानगीशिवाय पलंगावरून हलवू नये, तसेच निजलेल्या स्थितीत पाणी पाजू नये, असे मी सदर मुलीस स्पष्ट शिकवले होते.’ यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी खरंच शिकवलं होतं. तरी सही करायला हात उचलत नाही. दोन दिवस दे.

गंगी घरी परतली का, असंही विचारलंस. उद्या वाडीवर जाऊन बघून येते आणि कळवते.

आबा बरे आहेत. पाकीट कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तर भिंतीकडे तोंड करून पडले. आई गेली तेव्हा तुला पोचायला उशीर झाला हे त्यांनी मनात धरून ठेवलंय, आणि त्या दिवशी ते तुला काय बोलले हे तू धरून ठेवलंयस. मी मधल्यामध्ये त्यांना तुझी पत्रं वाचून दाखवते आणि तुला त्यांचं लिहिते.

तांदूळ संपलेत. या आठवड्यात जरा जास्तच लागले. बाजारात जायचंय, म्हणून इथेच थांबते.

तुझी
नंदा


वलवण
बुधवार, ११ जानेवारी

ती. ताईस,

काल वाडीवर जाऊन आले. शेजारच्या हौशीरामने त्याच्या टांग्याने कार्ल्यापर्यंत सोडलं, पुढे पायी चढले. गंगी तिथे नाही.

वाडीला बातमी माझ्याआधी पोचली होती. कार्ल्याच्या एस. टी. थांब्यावर कुणीतरी चहा पिताना बोललं असणार. मी गेले तेव्हा बायडाबाई भात कांडत होती. तिने मुसळ थांबवलं नाही. गंगीचा चुलता बारकू मात्र आडवा आला.

“बाई, पोर नेताना तुमी काय म्हनला व्हता? म्हातारीपाशी बसायचं, तिला सांबाळायचं. आता म्हनत्यात चोर हाय. आमच्या वाडीत दाराला कडी न्हाई, आन् चोर कुटनं आला?”

“मी तिला चोर म्हटलेलं नाही, भाऊ.”

“तुमी न्हाई म्हनला. तुमची बहीन म्हनती.”

तुझ्याकडच्या इतर मुलींच्या आया गोळा झाल्या. आमच्या पोरी परत आणा, म्हणाल्या. मी म्हटलं, त्या सुखात आहेत, चांगल्या घरी आहेत. त्यावर एक म्हातारी म्हणाली, “गंगीबी चांगल्या घरी व्हती.”

ताई, सही न करण्यामागे माझा हट्ट नाही. मला एक गोष्ट आधी कळायला हवी. सोराबशेठ त्या दुपारी फोनवर गंगीला नेमकं काय म्हणाले? त्यांना विचार. सारांश नको. मराठीत बोलले असतील तर मराठीत, जसे बोलले तसे शब्द मला लिहून पाठव. त्यांना ते क्षुल्लक वाटेल, पण विचार.

माईसाहेबांचा ताप उतरला का, तेही लिही. रोज सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार तोच येतो. आम्हा तिघांनाही.

नंदा


वलवण
शनिवार, १४ जानेवारी, संक्रांत

ताई,

तिळगूळ पाठवत नाही. तो खाऊनही तू आज गोड बोलणार नाहीस.

तू एका ओळीचं कार्ड टाकलंस, ‘फोनचं तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं नव्हतं. आणि तिघं म्हणजे कोण?’ ते कार्ड पोस्टमनने वाचलं असेल, या भीतीने मी दिवसभर दाराला कडी लावून बसले.

होय, गंगी इथे आहे. मागच्या शुक्रवारी भर दुपारी आली, तुझं पाकीट येण्याच्याही आधी. ‘गंगी घरी परतली का’ असं तू विचारलंस, आणि मी ‘वाडीवर नाही’ असं लिहिलं. मी खोटं लिहिलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आबा म्हणाले, “तुझं खरं एका पायाने लुळं आहे, माझ्यासारखं.”

वाडीतलंही मी अर्धंच लिहिलं होतं. निघताना बायडाबाई मुसळ टाकून माझ्यामागे बांधापर्यंत आली. “बाई, माजी पोर बरी हाय का?” मी म्हटलं, “बरी असेल, मावशी.” तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. “असंल का हाय?” मी म्हटलं, “आहे.” ती मागे वळली आणि पुन्हा कांडायला लागली. तिने वाडीत कुणालाही सांगितलं नाही.

गंगी माझ्याकडेच का आली, असं तू विचारशील. मुलींना मुंबईला पाठवताना मीच सांगते, काही झालं तर माझ्याकडे या. तिने ते ऐकलं.

तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच.

“त्या दिशी सकाळधरनं म्हातारी डोळं उघडीना. हाक मारली तर नुसतं हूं करायची. मंग त्यो फोन वाजला. तुमी शिकवल्यावानी उचलला, हॅलो म्हनलं. शेट म्हनलं, गंगी, डाक्टरशी बोललो. आता वाट बघायची नाय. मम्माला खाली घे. मी आलोच.”

मी विचारलं, “मग?”

“मंग काय, बाई! पोटच्या पोरानं सांगितलं, त्ये बी डाक्टरला इचारून. मला लय रडू आलं. घरात कुनी न्हाई. म्हनलं, शेट येईस्तवर जीव खाटंवर अडकाया नको. भुई पुसून घेतली आन् म्हातारीला खाली घेतलं. टाकलं न्हाई, बाई. आबांना घेतो तसं, बगलंत हात घालून. डोकं माज्या मांडीवर. केस सोडलं. तोंडात पानी घातलं.”

“पडल्यापडी? गंगे, ते घशात जातं म्हणून किती वेळा सांगितलं होतं!”

“त्ये आजारी मानसाचं, बाई. जायाला लागल्यालं मानूस बसवून कसं पाजायचं? त्ये तुमी शिकवलंच न्हाई.”

ताई, खरंच शिकवलं नाही. शिकवणीत मरणाचा विषय नको, मुली बिचकतात, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मला ते पटलं होतं.

बांगड्यांचंही लिहिते. जाणाऱ्याच्या अंगावर सोनं ठेवत नाहीत. त्या हातातून निघेनात, म्हणून तिने साबण लावून काढल्या. सूनबाईंच्या हाती द्यायच्या म्हणून पदराला बांधून ठेवल्या. सूनबाई आल्या त्या किंचाळतच. गंगीला वाटलं, सासूसाठी गळा काढला. म्हणून तिनेही काढला. दोघी एकमेकींकडे बघून ओरडत होत्या. मग सूनबाईंनी तिला पर्सने मारायला सुरुवात केली आणि पोलीस पोलीस म्हणाल्या, तेव्हा ती पळाली. बांगड्या पदरात आहेत, हे तिला बोरीबंदरला गाडीत बसल्यावर आठवलं.

सोराबशेठना म्हणायचं होतं, आईला जिन्याने खाली आण, मी मोटार घेऊन येतोय, दवाखान्यात न्यायचंय. हो ना? मला ते इथे बसून कळतं. पण मावळात ‘म्हाताऱ्याला खाली घेतलं’ हे लोक कधी म्हणतात, ते तुला मी सांगायला हवं का?

बांगड्या माझ्याकडे हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात आहेत. पोस्टाने पाठवल्या तर चोराने घाबरून परत केल्या असं होईल. मी मुंबईला यावं तर आबांना कोण बघेल? गंगीवर घर सोपवून जावं आणि नेमका कुणी शिपाई दारात यावा, ही भीती. तू येऊन घेऊन जा. येऊन तिच्या तोंडून ऐक, आणि सोराबशेठना तूच समजावून सांग. केंद्र तुझं आहे, तुझा शब्द ते मानतील.

एवढ्या वर्षांत मी तुला ‘ये’ म्हटलं नव्हतं.

नंदा


वलवण
मंगळवार, १७ जानेवारी

ताई,

उत्तर मिळालं. ‘त्या घराची पायरी मी चढणार नाही, हे तुला माहीत असून तू मला बोलावतेस. खाली घे म्हणजे खाली घे. मुंबईत शेंबड्या पोराला कळतं. ही तिने नंतर रचलेली सबब आहे आणि तू भोळी आहेस. शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर सोराबशेठ लोणावळ्याच्या पोलिसांत कळवतील आणि तुझ्या घरात मुद्देमाल सापडेल. आबांच्या म्हातारपणाचा तरी विचार कर.’

तुझ्याकडे नऊ मुली आहेत, त्यांची घरं सुटतील, केंद्र बंद पडेल, हे सगळं मला कळतं. माईसाहेब अजून अंथरुणाला खिळून आहेत, हे वाचून गंगी जेवली नाही. पण सही करणार नाही. ‘मी शिकवले होते’ एवढंच तुझ्या कागदावर आहे. काय शिकवलं नव्हतं, त्यासाठी त्यावर जागा नाही.

काल एक शिपाई आपल्या गल्लीतून दोनदा गेला. दुसऱ्या कामाला असेल. मी दोन्ही वेळा डाळीचा डबा चुलीमागे सरकवला.

आबांना काल दुपारी खाली घेतलं. आणखी काय लिहू?

हौशीराम टांगा जोडून थांबलाय. पत्र त्याच्या हाती देते.

नंदा


वलवण
शुक्रवार, २० जानेवारी

ताई,

काल तू आलीस आणि दुपारच्या गाडीने गेलीस. माझ्याशी नीट बोलली नाहीस. मला बोलायचंय, म्हणून लिहिते.

आधी त्या ओळीचं. आबांना सोमवारी दुपारी माडीवरून खालच्या खोलीत आणलं. एवढंच झालं होतं. तो शिपाई दिसल्यावर त्यांनीच धरणं धरलं. “माझी खाट खाली दारात टाका. पोरगी वर राहू दे. मी आडवा पडतो आणि बघतो माझ्या अंगावरून कोण जिना चढतं ते.” मी आणि गंगीने त्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. ते सगळा वेळ, “सावकाश, मी बाटलीबंद माल आहे,” म्हणत होते. खाली आल्यावर त्यांना एवढी हुशारी वाटली की शेजाऱ्यांना हाका मारून त्यांनी चहा पाजला.

पत्र लिहिताना माझ्या मनात तेवढंच होतं. देवाशपथ. टांगा कोपऱ्यावर वळला आणि मला माझीच ओळ ऐकू आली. मी आबांना म्हटलं, “आबा, मी ताईला काय लिहिलं माहितीये? आबांना खाली घेतलं.” ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मी पायात चपला घालून दारात गेले, हौशीरामला हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आबा मागून म्हणाले, “राहू दे. जाऊ दे पत्र.”

“आबा, तिला वाटेल...”

“वाटू दे. येते का बघू.”

हे म्हणताना ते हसत नव्हते. मी परत फिरले. हे माझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू स्वतःला पाहिलं नाहीस. हौशीरामने सांगितलं. तू स्टेशनाबाहेर त्याच्या टांग्यात बसलीस आणि विचारलंस, “आबांना...?” तो म्हणाला, “व्हय, खाली घेतलंय की सोमवारी.” तू विचारलंस, “मग केव्हा...?” त्याला वाटलं तू वेळ विचारतेस. म्हणाला, “दुपारची जेवनं झाल्यावर.” सबंध रस्ता तू पदर तोंडात धरून होतीस. तो बिचारा घोड्याला मारत राहिला, बाईचं पोट दुखतंय असं समजून.

दारात तू आलीस तेव्हा अंबाडा सुटलेला होता. आबा खाटेवर बसून बटर चहात बुडवत होते. तुझ्याकडे बघितलं, बटराचा तुकडा बशीत पडला, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले, “कोण मेलं गं?”

तू उंबऱ्यावरच बसलीस. मला वाटलं आता तू मला मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालीस, “सोपानमामाने हेच शब्द सांगितले होते. ‘खाली घेतलंय.’ आईच्या वेळी.”

मला ते माहीत नव्हतं, ताई. मामाने तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी तुला काय निरोप दिला, हे या घरात कुणी बोललंच नव्हतं. आबांनाही नव्हतं माहीत. त्यांना वाटायचं, मामाने ‘बरं नाही’ एवढंच सांगितलं, म्हणून तू रमतगमत आलीस. तू म्हणालीस, “मला तेव्हाच कळलं होतं. मी पळत बोरीबंदरला गेले होते. गाडी घाटात अडकली.” आबांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चालता हात तुझ्याकडे यायला निघाला आणि मधेच खाटेच्या काठावर थांबला. तू तो पाहिलास की नाही, मला माहीत नाही. म्हणून लिहिते.

मग गंगी जिन्यावर येऊन उभी राहिली. तुला बघून पळेल असं वाटलं. तू डोळे पुसलेस आणि केंद्रात विचारतेस त्या आवाजात तिला विचारलंस, “पाणी किती घातलंस?”

“दोन चमचं.”

“ठसका लागल्यावर?”

“कुशीवर घेतलं. पाठ थोपटली. मंग सूनबाई आल्या.”

“कुशीवर घेतलंस?”

“व्हय. जाताना बी ठसका लागू नये, म्हनून.”

तू पदर खोचून उंबऱ्यावरून उठलीस. मग म्हणालीस, “बांगड्या आण.” मी डाळ परातीत ओतली. निम्मी डाळ जमिनीवर गेली. तू बांगड्या रुमालात बांधल्यास, माझ्याकडून तो बिनसहीचा कागद मागून घेतलास आणि निघालीस. आबांना म्हणालीस, “येते.” ‘जाते’ म्हणाली नाहीस. आबा संध्याकाळपासून तेच सांगताहेत प्रत्येकाला.

पण तू काय करणार आहेस, ते सांगितलं नाहीस. आज शुक्रवार. सोराबशेठनी दिलेली मुदत आज संपते. गंगी सकाळपासून गाठोडं बांधून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलीय. “पोलिस आलं तर म्या सवता जाईन, आबांच्या अंगावरनं कुनाला जाया लावनार न्हाई,” म्हणते. दारावर दूधवाल्याची थाप पडली तरी आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो.

लिही. वाईट असलं तरी लिही.

नंदा


वलवण
गुरुवार, २ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आबांनी स्वतः वाचलं, चष्मा लावून, मला न देता. मग गंगीला वाचून दाखवलं. मग मला.

सोराबशेठना तू कसं सांगितलंस ते वाचताना मी तीनदा थांबले. तू त्यांच्यापुढे बांगड्या ठेवल्यास. ते म्हणाले, भाषेची सबब मला सांगू नका. तेव्हा तू माझं पत्र पर्समधून काढून त्यांच्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, “माझ्या बहिणीने लिहिलं, वडिलांना खाली घेतलं. मी शिकलेली नर्स, वीस वर्षं मुंबईत. हे वाचून मी वडिलांच्या प्रेताला गेले, आणि ते चहा पीत होते.” हे सांगायला तुला काय पडलं असेल, ते मला कळतं. तू कुणापुढे रडत नाहीस. तिथे रडलीस की नाही, ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही.

पोलिसांत कळवलं नाही, हे सगळ्यात मोठं. माईसाहेबांचा ताप उतरला, उशीला टेकून बसतात, पेज घेतात. गंगीने ते ऐकून कपाळ जमिनीला लावलं. सूनबाई अजून तिला चोरच म्हणतात, तर म्हणू देत. त्या घरी तिला परत पाठवायचं नाही, हे तू लिहिलंस तेही बरोबर. दुसरी दोन घरं सुटली, याचं मात्र वाईट वाटतं. वाडीत मी गेले होते. बारकू अजून बोलत नाही. बायडाबाईने उखळाशेजारी बसायला गोणपाट टाकलं. नव्या मुली या वर्षी मिळतील असं वाटत नाही, आणि मी मागणारही नाही, जोवर शिकवणीत तो धडा घालायचा की नाही ते तू ठरवत नाहीस. माझं म्हणणं, घालावा. माणूस जायला लागलं तर काय करायचं, आणि मालक ‘खाली घे’ म्हणाला तर आधी काय विचारायचं. गंगी म्हणते, “इचारायचं, जिन्यानं का कायमचं?” तिला म्हटलं, असं विचारलंस तर दुसऱ्याही घरातून मार खाशील.

ती सध्या इथेच राहील. आबांना तिची सवय झालीय, आणि मला एकटीला ते उचलत नाहीत.

रविवारी येतेस असं लिहिलंस. आबांनी हौशीरामला आत्ताच सांगून ठेवलंय की टांग्यात बाई काही विचारेल, त्याचं उत्तर देऊ नकोस, नुसता हाक.

एकच राहिलं. दारातल्या खाटेला ते कंटाळले. माडीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, ते इथून दिसत नाही म्हणून सकाळपासून कुरकुर चालली होती. आता ते झालंय आणि तुला कळवायला हवं, पण चार वाक्यं लिहून खोडली. जे वाक्य सरळ सुचतं ते तुला पाठवायची माझी छाती नाही. म्हणून सगळं फोडून लिहिते, सावकाश वाच.

आबा आज सकाळी न्याहारी करून, गंगीच्या खांद्याला धरून, लुळा पाय ओढत का होईना पण स्वतःच्या पायांनी, आपल्या घरच्या लाकडी जिन्याने माडीवरच्या खोलीत जाऊन बसले आहेत. आत्ता तिथून ओरडताहेत, चहा कुठाय.

तुझी
नंदा